हसायचा स्नायू

देहदान केलेल्या एका आजोबांच्या गालाची कातडी आज शवविच्छेदनाच्या वर्गात मी हळूच उचलली, तर खाली हसायचा स्नायू चांगला जाडजूड निघाला. शेजारी उभी असलेली अनघा म्हणाली, "आजोबा जन्मभर हसलेत रे."

आता तो कापून खालची नस सरांना दाखवायची होती. माझा हात पुढे जाईना. शाळेपासून नकला करकरून मी लोकांचा हाच स्नायू तर हलवत आलोय, नाव तेवढं शरीररचनेच्या एम.एस्सी.ला आल्यावर कळलं.

"काय रे, अडलास कुठं?" सर म्हणाले. आमचे सर कधीच हसत नाहीत.

"सर, हे माझं गिऱ्हाईक आहे. कापवत नाही."

"मग नको कापू. बाजूला सरकव, नस दिसेल," म्हणत ते वळले. वळताना त्यांच्या गालातलाही तो हलला, जरासाच, पण मी बघितला.