गाडी बोटीत, किल्ली खिशात

कुवेतच्या समुद्रात एक अख्खी बोट अर्ध्या वाटेवरून मागे फिरली आणि त्याचं कारण माझ्या पँटच्या उजव्या खिशात होतं.

(बोट म्हणजे होडी नव्हे. गाड्या वाहून नेणारी चांगली दांडगी बोट. उगाच होडी डोळ्यांसमोर आणून माझं कर्तृत्व कमी करू नका!)

मी इथल्या एका बँकेत जोखीम विभागात आहे. जे अजून बिघडलेलं नाही ते कसं बिघडेल हे आधीच ओळखायचं आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, असं माझं काम. त्यामुळे आमच्या घरात प्रवासाचं नियोजन माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. 'नव्हता' हा भूतकाळ आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तर माझी आई लातूरहून आमच्याकडे सबाह अल-सालेमला आली होती. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गल्लीत तिचा जन्म गेला. पहाटे उठायचं, घागरी भरायच्या, पिंप भरायचं, मग घरातला हाताला लागेल तो तांब्या-पेला भरायचा. तिला पहिल्यांदा समुद्र दाखवला तेव्हा तिनं आधी ओंजळभर पाणी तोंडाला लावून बघितलं. मग म्हणाली, "एवढं पाणी, आन सगळं खारट! देवाला काय येव्हार कळत न्हाई बग."

आणि परतीचं विमान आठ दिवसांवर आलं तेव्हा पोळी लाटता लाटता हळूच म्हणाली, "लेकरा, चारी बाजूनं पाणी आन मधी आपुन, आसं एक रात निजायचंय मला."

आईनं आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. लुगडं नाही, बांगडी नाही. मागून मागून काय मागितलं, तर चारी बाजूंनी पाणी! मी तिथल्या तिथे छाती काढून म्हणालो, "आई, फैलाका बेटावर जाऊ! गाडी बोटीत घालू, पलीकडे तंबू ठोकू. सगळं माझ्यावर सोड."

"हेच ऐकलं की मला धडकी भरते," अर्चना म्हणाली. (अर्चना म्हणजे माझी बायको. तिला धडकी वारंवार भरते.)

पण मी काहीच नशिबावर सोडणार नव्हतो. तंबू आणला. वाऱ्यात उडू नये म्हणून अम्गराच्या भंगारबाजारातून हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या आणल्या. बोट डोलली तर गाडी घसरू नये म्हणून चाकांखाली लावायचे लोखंडी ठोकळे आणले. चोरी होऊ नये म्हणून गाडीला नवा अलार्म बसवला. तो इतका हळवा होता, की जवळून मांजर गेलं तरी बोंब मारायचा. आणि किल्ली हरवली तर पंचाईत नको, म्हणून दुसरी किल्ली 'संकटकाळासाठी' अशी चिठ्ठी लावलेल्या पिशवीत घालून ती पिशवी नीट जपून ठेवली. कुठे ठेवली ते योग्य वेळी सांगतो.

शुक्रवारी सकाळी आम्ही धक्क्यावर पोचलो. आम्हाला पोचवायला मुकादमभाईही आपल्या गाडीतून आले होते. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, मूळचे रत्नागिरीकडचे, इथे कापडाचं दुकान चालवतात. आता एका रात्रीसाठी निघालेल्या माणसाला पोचवायला कशाला यायचं, असं कोणी विचारेल. पण आपल्या माणसांत पोचवायला कोणी आलंच नाही, तर निघाल्यासारखं वाटतं का? मुकादमभाई त्यांच्या बेगमने दिलेला नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन उभे होते.

"चार वाजता दुकान उघडायचंय," ते म्हणाले, "पण आजींना बोटीत बसवल्याशिवाय मी हलणार नाही."

बोटीला फळी एकच. शेवटी चढेल तो पलीकडे पहिला उतरणार, हे मी तेव्हाच ताडलं. मग काय! मागे रांगेत असलेल्या एकेका कुवेती कुटुंबाला मी हात करून पुढे सोडायला लागलो. "तफद्दल! तफद्दल!" म्हणजे, या, या, आपण आधी! त्यांना वाटलं, केवढा सज्जन माणूस. एका पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी तर काच खाली करून मला दुवा दिली. ती दुवा त्यांनी नंतर परत घेतली असावी.

सगळ्यात शेवटी मी उलटी गाडी घालत बरोबर तोंडाशी उभी केली. हँडब्रेक ओढला. गिअर टाकला. चारी चाकांना ठोकळे लावले. गाडी कुलूपबंद केली, अलार्म लावला आणि किल्ली खिशात टाकली. जगबुडी आली असती तरी ती गाडी तसूभर हलली नसती!

आई, अर्चना आणि आमची मुलगी रेवा वर बसायच्या जागेकडे गेल्या. मी कठड्याशी उभा राहून आपल्याच कामगिरीकडे कौतुकानं बघत होतो. एवढ्यात लक्षात आलं, अरे, मुकादमभाईंचा निरोप घ्यायचा राहिला! सकाळी सकाळी माणूस एवढा आला, आणि त्याला नुसता वरून हात दाखवायचा? बरं दिसतं का ते? मी झपझप खाली उतरून धक्क्यावर आलो.

मुकादमभाई दिसेनात. त्यांच्या गाडीपाशी गेलो, नाहीत. चहाच्या टपरीपाशी गेलो, नाहीत. मागे भोंगा झाला. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या बोटीचा असेल. (धक्क्याला दुसरी बोट नव्हती.)

फोन वाजला. अर्चना.

"अहो, कुठे आहात?"

"धक्क्यावर. मुकादमभाईंना शोधतोय."

"मुकादमभाई माझ्या शेजारी उभे आहेत. आईंची पिशवी घेऊन वर आले होते. ते बोटभर तुम्हाला शोधतायत, निरोप घ्यायला!"

"मग पाठव ना त्यांना खाली."

"खाली आता समुद्र आहे!"

मी वळून बघितलं. बोट चांगली लांब गेली होती. तोंडाशी माझी गाडी दिसत होती, एकदम दिमाखात.

तरी मी डगमगलो नाही. जोखमीच्या धंद्यात डोकं शांत लागतं. "काळजी करू नका," मी म्हणालो, "मी पुढच्या बोटीनं येतो."

"पुढची बोट उद्या आहे, असं इथला माणूस म्हणतोय."

आणि तेवढ्यात फोनमधून तो आवाज आला. प्यां... प्यां... प्यां... बोट लाटेवर चढली आणि आमचा हळवा अलार्म जागा झाला!

"अहो, हा बंद कसा करायचा?"

"किल्लीवरचं लाल बटण दाब."

"किल्ली कुठे आहे?"

मी खिशात हात घातला. होती.

तसं सांगितलं. मग रेवाचा आवाज आला, "बाबा, सीरियसली?" मग आईचा, "आरं, ही गाडी कवाची वरडूलालीय! हिला काय झालं?" आणि मग बोटीचा कप्तान स्वतः फोनवर आला. इजिप्तचा माणूस, सगळे त्याला रईस म्हणत होते. तो एकच शब्द म्हणाला, "मुफ्ताह?"

मुफ्ताह म्हणजे किल्ली. कुवेतमध्ये इतकी वर्षं काढून माझं अरबी कच्चं आहे, पण हा शब्द मला त्या दिवशी कायमचा पाठ झाला.

"मुफ्ताह माझ्याकडे," मी म्हणालो.

"दुसरी मुफ्ताह?"

"आहे ना!" मला एकदम हुरूप आला. "संकटकाळासाठी म्हणून मुद्दाम वेगळी ठेवलीय!"

"कुठे?"

"गाडीत."

रईस अरबीत जे बोलला ते मला कळलं नाही, आणि मुकादमभाईंना कळलं तरी त्यांनी ते मला आजतागायत सांगितलेलं नाही.

आता परिस्थिती अशी होती, की गाडी तोंडाशी. ती हलल्याशिवाय मागची एकही गाडी बेटावर उतरणार नाही. आणि हलवणार कशी? हँडब्रेक, गिअर, ठोकळे! सगळा बंदोबस्त मी जातीनं केलेला. रईसला बोट मागे फिरवण्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. पण त्यानं एक गोष्ट सांगितली आणि माझं धाबं दणाणलं. ओहोटी लागायला आली होती. पाणी फार उतरलं, तर पलीकडे फळी टेकणार नाही. मग आजचा फेरा रद्द.

रविवारी आईचं विमान होतं. म्हणजे आज नाही, तर नाहीच. आयुष्यभर तांब्यापेल्यात पाणी साठवलेल्या बाईनं एक रात्र मागितली होती, आणि ती मी खिशात घालून धक्क्यावर उभा होतो.

बोट जवळ येऊ लागली तसा आधी अलार्म ऐकू आला, मग माणसं दिसली. सगळी एकाच बाजूच्या कठड्याला टेकून मलाच बघत होती. मी किल्ली उंच धरली, सगळ्यांना दिसावी म्हणून. (का धरली, कोण जाणे. तेव्हा ते योग्य वाटलं.) फळी पडली. मी मान खाली घालून चढलो आणि लाल बटण दाबलं. अलार्म थांबला, आणि अख्ख्या बोटीनं टाळ्या वाजवल्या! ते पांढऱ्या दाढीचे आजोबा गाडीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "तफद्दल!"

ओहोटीच्या घाईत रईसनं लगेच फळी उचलली, त्यामुळे उतरायला निघालेले मुकादमभाईही बोटीतच राहिले. वर जाऊन बघतो तर मला वाटलं होतं तसा रागाचा डोंब वगैरे काही नव्हता. आईनं धपाट्यांचा डबा उघडला होता. माझ्या अपराधाचा दंड म्हणून ती बोटभर धपाटे आणि शेंगांची चटणी वाटत होती. शेजारी एक कुवेती आजी बसल्या होत्या. आई मराठवाडीत बोलत होती, त्या अरबीत. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण दोघी मधूनमधून माझ्याकडे बोट दाखवून माना हलवत होत्या, त्यावरून विषय मला कळला.

"मुलं अशीच," असं काहीतरी चाललं असावं.

नशिबानं पाणी अजून पुरेसं होतं. फळी टेकली. बोटीवरच्या सगळ्या गाड्या सुरू झाल्या आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी ठोकळे काढले, रुबाबात आत बसलो, किल्ली फिरवली.

टिक्.

पुन्हा फिरवली. टिक्.

ओरडून ओरडून आमच्या गाडीची बॅटरी बसली होती.

"मुफ्ताह?" मागून रईसनं विचारलं.

"मुफ्ताह आहे," मी म्हणालो, "आता गाडी नाही."

मग कुवेती तरुण पोरं उतरली, पायघोळ झगे गुडघ्यापर्यंत खोचले आणि ढकलायला लागली. आई आत बसली होती. तिला उतर म्हटलं, तर ती पोरंच नको नको म्हणाली. त्यांनी ओरडत, हसत, गाणी म्हणत गाडी फळीवरून बेटावर नेली, आणि आई खिडकीतून नवरीसारखा हात हलवत होती. आमच्या लग्नातसुद्धा एवढी वरात निघाली नव्हती!

मी हेरून ठेवलेला तो निवांत किनारा बेटाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि तो तिथेच राहिला. धक्क्याशेजारीच तंबू ठोकला. अम्गराच्या खुंट्या मात्र इतक्या मजबूत निघाल्या, की दुसऱ्या दिवशी दोन तिथेच सोडून याव्या लागल्या. तंबूत आई, अर्चना आणि रेवा झोपल्या. मुकादमभाई आणि मी गाडीत. त्यांना मागे रेलणारी सीट दिली, कारण त्यांचं दुकान बंद राहिलं होतं ते माझ्यामुळे. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मध्येच ते हॉर्नवर पडायचं. बॅटरी गेली होती ते एका अर्थी बरंच झालं.

सकाळी आई पाण्याकडे तोंड करून वाळूत बसलेली दिसली.

"झोप लागली का गं?"

"निजलं कोन? रातभर पानी ऐकत व्हते. हिकडून ऐकलं, तिकडून ऐकलं. चारी बाजूनं व्हतं रे लेकरा." मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "आन तू बोट मागं फिरवलास ते लई बेस केलास. एका तिकिटात दोनदा समुद्र झाला."

मला भरून आलं. मी मनात म्हटलं, चला, नियोजन जमलं म्हणायचं!

रविवारी आम्ही सगळे विमानतळावर गेलो. मुकादमभाईही आले, डबा घेऊन. आत जायची वेळ झाली. मी वाकून आईच्या पाया पडलो. तिनं माझे दोन्ही गाल हातात धरले, डोळे पुसले आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लेकरा, इमानाची किल्ली पायलटकडंच हाय ना? तेवढं एक डाव बगून घे."

अर्चना हसली, रेवा हसली, मुकादमभाई तर खांबाला धरून हसले.

आणि मी, जोखीम विभागाचा एवढा जाणता माणूस, तिथल्या तिथे दोन्ही खिसे चाचपून बघितले.