सुक्या ओळीची मेथी

"पाणी तू टाकलं की नाही, एवढंच सांग," सर म्हणाले.

"नाही टाकलं, सर."

"मग काय आभाळातून पडलं?"

चारही वर्ग हसले. पहिलीच्या पोरांना कशाला हसायचं ते कळलं नव्हतं, मोठी हसली म्हणून तीही हसली. चौथीतली ती मुलगी फळ्याजवळ हात मागे धरून उभी होती. मी दारात उभी होते, खिचडी झाल्याचं सांगायला आले होते. पाणी मी टाकलं होतं. एक दिवस नाही, रोज.

सरांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "काय आजी?"

मी म्हणाले, "खिचडी थंडी होऊन राहिली, सर."

आमची शाळा चौथीपर्यंत आहे. गाव धामणगावच्या रस्त्यावर. दोन खोल्या आणि दोन मास्तर, म्हणजे एक सर आणि एक मॅडम. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी सरांकडे, आणि शनिवारी सगळी पोरं मोठ्या खोलीत एकत्र. मी दुपारची खिचडी शिजवते. माझं शिक्षणही याच शाळेत चौथीपर्यंत झालं, त्यापुढे नाही.

गेल्या हिवाळ्यात सरांनी माझ्या स्वयंपाकाच्या शेडमागे मेथीच्या दोन ओळी लावायला सांगितल्या. एका ओळीला रोज पाणी द्यायचं, दुसरीला आठवड्यातून एकदाच. कमी पाण्यावर मेथी किती वाढते ते पाहायचं होतं. पोरं एकीला ओली ओळ म्हणत, दुसरीला सुकी. प्रत्येक वर्गाला काम वाटून दिलं होतं. पहिलीनं पानं मोजायची. ती वीसपर्यंत मोजत आणि पुढचं येत नसल्यामुळे पुन्हा एकपासून सुरू करत. दुसरीनं चित्र काढून रंगवायचं. हिरवा खडू संपला तेव्हा एकानं सगळी मेथी जांभळी केली आणि मॅडमशी भांडला की सावलीत अशीच दिसते. तिसरीनं पट्टीनं उंची मोजायची. पट्टी जमिनीला टेकवायची की शून्याची रेघ टेकवायची यावरून त्यांची रोज कचकच. चौथीनं सगळं फळ्यावर मांडून सांगायचं. पाणी द्यायचं काम मात्र एकट्या या मुलीकडे होतं, कारण ती गटप्रमुख होती.

तिचा बाप गाद्या भरतो. घरात हिंदी बोलतात, पण शाळेत तिच्याइतकं स्वच्छ मराठी कोणी वाचत नव्हतं. आमच्या शाळेत चौथीचं एकेक पोर पहिलीच्या एकेका पोराला जवळ घेऊन अक्षरं शिकवतं. हिच्याकडे पहिलीतली एक बारकी होती. ती मॅडमसमोर तोंड उघडत नसे, हिच्यासमोर घडाघडा वाचायची.

सरांनी सांगितलं होतं की हा प्रयोग अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनात न्यायचा आणि गटप्रमुखानं तिथं बोलायचं. तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं. मी तांदूळ निवडत असले की मधल्या सुट्टीत येऊन समोर उभी राहायची.

"दादी, तुमी परीक्षक. विचारा मले."

"काय विचारू?"

"काहीबी विचारा."

"खिचडीत मीठ बरोबर हाय काय?"

"असं नाही वो दादी! मेथीचं विचारा ना."

मग मीच विचारायच्या आधी ती सांगायला लागायची. सुक्या ओळीला आम्ही आठवड्यातून एकदाच पाणी देतो, त्यामुळे तिची वाढ अशी अशी होते. मी हो हो म्हणायचे. ती वर्गात गेली की तांदूळ आणि डाळ धुवायचे आणि ते धुण उचलून सुक्या ओळीत ओतायचे.

सुकी ओळ शेडच्या बाजूनं होती. तिची पानं कोमेजून लोंबलेली दिसायची. माझा जन्म वावरात गेला. पाण्यावाचून पीक मान टाकतं हे मला पट्टी लावून कोणी दाखवायची गरज नव्हती, आणि पोरांचा हा खेळ आहे असं मी धरून चालले होते. दुसरं म्हणजे, डाळ-तांदळाचं धुण आमच्या घरात कधी उकिरड्यावर गेलं नाही. ते झाडाला जातं नाहीतर गुराला. त्याला पाणी देणं म्हणतात हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पाणी देणं म्हणजे हापशीवरून बादली भरून आणणं. पोरगी तोंडपाठ सांगत होती, मी ऐकत होते, आणि तरी ते दोन्ही मी एकमेकांशी जोडलं नाही. आता लिहिताना हे मूर्खपणाचं दिसतं. होतंही तसंच.

सुकी ओळ ओलीच्या बरोबरीला आली, मग पुढे गेली. पानं तर काळीभोर. सरांना आधी वाटलं तिसरीवाल्यांनी पट्टी उलटी धरली. त्यांनी स्वतः बसून मोजलं. मग म्हणाले, पाणी देणारा एकच माणूस आहे. आणि शनिवारी सगळ्या वर्गांसमोर तिला उभं केलं.

ती नाही म्हणाली तेव्हा सर म्हणाले, "चुकलं तर चालते, खोटं चालत नाही." हे ते बरोबर बोलले. चुकीच्या माणसाला बोलले.

तेव्हाच मला समजलं होतं. दारात उभी असतानाच. नंतर कळलं असं मी म्हणू शकत नाही.

त्या दुपारी पंगतीत मी तिच्या ताटात जास्तीची पळी वाढली. तिनं ती शेजारच्या पोराच्या ताटात लोटली आणि आपल्यापुरतं खाल्लं. प्रदर्शनाला सरांनी दुसऱ्या एका पोराला नेलं. त्यानं प्लॅस्टिकच्या बाटलीची पवनचक्की केली होती. गटप्रमुखपण गेलं. दुसरीच्या पोरांनी त्या शनिवारचं गाणं केलं. एकानं ओरडायचं, "पानी कोनं टाकलं?" आणि बाकीच्यांनी नाचत म्हणायचं, "मी नाही, सर! मी नाही, सर!" ते शेडच्या टिनातून मला ऐकू यायचं. मी पळी आपटून हाकलायचे, ती थोडं पलीकडे जाऊन म्हणायची. पहिलीतली ती बारकी एक दिवस तिला म्हणाली, "तू खोटं बोलते, मी तुयाजवळ नाही बसत." मॅडमनी बारकीची जागा बदलली. त्यानंतर या मुलीनं वर्गात हात वर करणं सोडलं. हे मी खिडकीतून पाहत होते. आधी तिचा हात खाली नसायचा.

मी गप्प का बसले? खिचडीचं काम दरवर्षी शाळेची समिती ठरवते, आणि आमच्या गल्लीतली एक सून त्या कामावर टपून होती. ही भीती खरी होती. पण तीच एक होती असं म्हटलं तर खोटं होईल. शाळेत मला सगळे आजी म्हणतात, सर बसायला खुर्ची देतात. चाळीस पोरं आपल्यावर हसतील हे मला नको होतं. हसली असती आणि दुसऱ्या दिवशी विसरली असती. या वयात माझं काय झिजलं असतं?

प्रदर्शन होऊन गेल्यावर, उन्हाळा लागता लागता, मी सरांना सांगितलं.

"सर, त्या मेथीले पानी मी टाकत होती."

"कोणत्या मेथीले?" त्यांना आठवायला वेळ लागला. मग ते पोट धरून हसले. मॅडमला हाक मारली. "ऐका, ऐका! आपला शास्त्रज्ञ तर शेडमधी बसला होता!" मॅडमही हसल्या. पुढच्या वर्षी डाळीच्या धुणाचाच प्रयोग करू, असं ठरलंसुद्धा.

मी म्हटलं, "सर, त्या पोरीले सांगा. वर्गात सांगा, सगळ्याइसमोर."

"सांगतो ना आजी. त्यात काय एवढं."

त्यांनी सांगितलं नाही. कदाचित विसरले असतील. कदाचित त्यांनाही खाली पाहावं लागलं असतं. मी आणखी एकदा आठवण करून दिली आणि सोडून दिलं. वर्गाच्या दारात मी रोज जात होते. मला तोंड होतं.

निकालाच्या दिवशी ती हापशीवर पाणी पीत होती. मी जवळ गेले.

"ते पानी मी टाकलं होतं, बाई."

"मालूम हाय मले."

"कधीपासून?"

"सरनं विचारलं त्याच दिशी. तुमी दारात खाली पाहून राहिल्या होत्या."

"मंग माहं नाव काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर म्हनले असते, एक खोटं बोलली, आता बुढीचं नाव घेते." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "तुमी सांगाले पायजे होतं."

मी म्हटलं, "हो."

जाऊ द्या, असं ती म्हणाली नाही. तिनं म्हणावं अशी माझीही इच्छा नव्हती, असं मी लिहिणार होते, पण इच्छा होती. ती निकाल घेऊन गेली. आता ती धामणगावला पाचवीत जाते. एसटीच्या थांब्यावर दिसते, मैत्रिणींसोबत असते.

माझं काम चालू आहे. पोरं मला आजी म्हणतात, सर खुर्ची देतात. वर्गासमोर उभं राहावं लागलं, गाणं ऐकावं लागलं, अमरावती हुकली, ते सगळं तिच्या वाट्याला आलं. तेव्हा ती दहा वर्षांची होती.