पळसपापडीची चिमूट

पळसाची चपटी, तांबूस बी पाट्यावर रगडली जाताना येणारा तो कडवट, धुळकट वास... जळकोटच्या आमच्या घरात उन्हाळा सरत आला की तो दोन दिवस कपड्यांनाही चिकटून राहायचा. दवाखान्यातली जंताची गोळी आम्ही घ्यायचोच. पण तिला जोड म्हणून माय पळसपापडीची पूड द्यायची— वय बघून लहानमोठी चिमूट. तिच्या दोन बोटांच्या त्या मापावर गल्लीचा एवढा भरवसा, की बायका आपापली लेकरं घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसत.

रीत अशी, की आधी गुळाचा खडा द्यायचा. गोडाच्या आशेनं जंत गोळा होतात म्हणे. मग घटकाभरानं, ते बेसावध असताना, पूड. माय गूळ आणि पुडी हातात देऊन कामाला लागायची, आणि माझं सारं शहाणपण नेमकं त्या घटकाभरातच उगवायचं. एका साली मी धाकट्या बहिणीला, छबूला, म्हटलं, "तुझा गूळ मला दे, माझी पुडी तू घे. तुझे जंत दुप्पट मरतील." वर कुणाला न सांगण्याची शपथही घातली. तिनं दोन्ही पुड्या डोळे मिटून गिळल्या. माझे जंत मात्र दोन खडे गूळ खाऊन मजेत राहिले— शेवटी माझ्याच पोटचे.

दुपारपर्यंत छबू ओकून ओकून पांढरी पडली. दवाखान्यात तिला सलाईन लावून सिस्टरनं मायला विचारलं, "पूड किती दिली होती?"

"एक चिमूट, बाई. दरसाल देते तेवढीच."

"तेवढ्यानं असं होतंय का? हात चुकला असंल तुमचा."

माय आपल्या बोटांकडे बघत राहिली. मी बाकावर गप्प. छबू संध्याकाळी उठून भाकर मागू लागली, पण पुड्यांचं काही बोलली नाही. शब्दाला पक्की अशी घरात ती एकटीच. आणि मायनं घरी येताच पळसपापडीचा डबा उकिरड्यावर उपडा केला. पुढं कुणी लेकरू घेऊन आलं की म्हणायची, "आता न्हाई बाई. माझ्या हाताचा अंदाज गेला."

परवा माझी लेक शाळेत जंताची गोळी खाऊन आली. माय आता थकली आहे. ही गोष्ट इतकी वर्षं वागवून मीही थकलो होतो. तिच्याजवळ टेकलो आणि सांगून टाकलं, "त्या दिवशी छबूनं माझीबी पुडी खाल्ली होती, माय. तुझा हात चुकला नव्हता."



"आता सांगायलास व्हय," ती म्हणाली. मग, "गूळ तरी गोड लागला का रं?"

"दवाखान्यात जाईपर्यंत लागला."

ती हसली नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आपसूक जवळ आली, काही तरी धरल्यासारखी एकमेकांवर घासत राहिली... पण ती आता थरथरतात. चिमूट त्यांच्यात ठरत नाही.