एक्स्चेंजच्या बाई आणि हत्तीची घरघर

"आधी ते काय म्हणतंय ते ऐका, मग पकड हातात घ्या."

हे बोलताना बाई उजव्या हाताचं एक बोट उभं धरायच्या आणि मान किंचित डावीकडे कलवायच्या. 'ते' म्हणजे काहीही असायचं. टेलिफोनची तार, छताचा पंखा, पाण्याचा नळ. एकदा तर मॅनेजरसाहेबांची खुर्ची होती. ती कुठल्या पायात कुरकुरते हे बाईंनी दाराबाहेरून सांगितलं होतं, आणि ते बरोबर निघालं.

पन्नासनंतरची ती पहिली काही वर्षं. पिंपरीच्या माळावर कारखाने नुकते उभे राहत होते. आमचा त्यांतलाच एक. मी चाकणकडच्या खेड्यातला, वायरमन म्हणून लागलेला. गावात तोवर वीज आली नव्हती, त्यामुळे मी नेमकं काय काम करतो हे माझ्या आईला कधीच नीट समजलं नाही. "तारा ओढतो," एवढंच ती लोकांना सांगायची.

बाई कारखान्याचं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळायच्या. एक्स्चेंज म्हणजे ऑफिसच्या जिन्याखालची खोली, एक उभा बोर्ड आणि त्यावर दोऱ्यांचं जाळं. कुणी फोन उचलला की बोर्डावरची झडप पडायची. बाई दोरी खोचायच्या आणि म्हणायच्या, "बोला." वय चाळिशीच्या पुढे. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मग पुण्याच्या टेलिफोन ऑफिसात नोकरी, आणि तिथून इकडे. कॉलनीत एक खोली मिळाली होती. सगळा कारखाना त्यांना एक्स्चेंजच्या बाई म्हणायचा. त्यांचं नाव पगारपत्रकातच काय ते असायचं.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याचं एकच इंद्रिय बाकी चारांचं काम करतं. बाईंचं सगळं कानात होतं. समोरच्याने नाव सांगायच्या आधी त्या ओळखायच्या. स्टोअरकीपरने एकदा नुसतं "हॅलो" म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "आज डबा विसरलात वाटतं." तो खरंच विसरला होता. उपाशी माणूस शब्दाचा शेवट गिळतो, असं त्यांचं म्हणणं.

माझी त्यांची ओळख झाली ती खांबावरून. लाईनमध्ये बारीक गुणगुण येते अशी त्यांची तक्रार होती. मी खांबावर चढलो, सांधे पुसले, उतरलो. "आता?" "आहे." पुन्हा चढलो. त्या हिवाळ्यात मी चार खांब चढलो-उतरलो, बोर्डाच्या दोऱ्या बदलल्या, पुण्याहून टेलिफोनचा माणूसही येऊन गेला. त्याला काही ऐकू आलं नाही. बाई म्हणाल्या, "त्यांना ऐकायची सवय नाही." मला ते पटलं. मलाही ऐकू येत नव्हतं, पण मी तर नवशिकाच होतो.

मग हत्ती आला.

आमच्या कामगार मंडळात साळवी नावाचे टर्नर होते. मूळचे रत्नागिरीकडचे, अंगाने काठी. त्यांनी देहूरोडच्या लष्करी बँडच्या मोडीतून एक भलंमोठं उभं व्हायोलिन आणलं. डबल बास त्याचं नाव, माणसापेक्षा उंच. लेथवर एक पोरगेला कामगार ओरडला, "अरे, साळव्यांनी हत्ती आणला!" आणि तेच नाव पडलं. साळवी तो छान वाजवायचे. पण आवाज इतका खालचा, की उघड्या मैदानात तिसऱ्या रांगेपुढे जायचा नाही. मंडळाचा वार्षिक कार्यक्रम दीड महिन्यावर होता.

"अँप्लिफायर आसा ना मंडळाकडं," साळवी म्हणाले. "त्यात घाला याचा आवाज."

अँप्लिफायर होता, एका फिरत्या सिनेमावाल्याकडून घेतलेला, दिव्यांसारख्या पेटणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचा. पण मायक्रोफोन हत्तीपुढे ठेवला की ढोलकी, पेटी, सगळंच त्यात शिरायचं. मी बाईंना विचारलं. त्यांनी कपाटातून एक मोडका टेलिफोन काढला, त्यातली कानाची डबी सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ही नुसती बोलत नाही, ऐकतेही. लाकडाला घट्ट बांधा."

बांधली. कँटीनच्या रिकाम्या हॉलमध्ये जेवणाच्या सुट्टीत सेट चालू केला. साळव्यांनी तार छेडायच्या आधीच स्पीकरमधून असा आवाज आला, की भांडी घासणाऱ्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. भरल्या पोटाचा म्हातारा घोरावा तशी घरघर.

बाई आल्या, बोट उभं केलं, डोळे मिटले.

"एक नाहीये ही. तीन आहेत. वेगवेगळ्या काढाव्या लागतील."

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस आम्ही जेवणाच्या सुट्ट्या तिथेच काढल्या. पहिला दोष त्यांनी तारेत काढला. "आमच्या टेलिफोनच्या तारा बघा. दोघी कायम एकमेकींना पीळ घालून असतात. सुट्या सोडल्या की बाहेरचं सगळं ऐकत बसतात." मी डबीच्या तारांना पीळ घातला, घरघर निम्मी झाली. दुसरा दोष जमिनीचा. मी हौसेने सेटचा अर्थ, म्हणजे जमिनीत जाणारी तार, दोन ठिकाणी दिला होता, एक नळाला आणि एक बाहेरच्या खड्ड्यात. "दोन सासरं कशाला देता?" बाई म्हणाल्या. नळाचा काढला. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून चार बादल्या पाणी ओतलं. म्हातारा जवळजवळ झोपलाच. तिसरी होती ती खरखर, आणि ती सारखी नसायची. बाईंनी दोन दिवस घड्याळ लावून पाहिलं. विजेचं इंजिन स्टेशनातून निघालं की यायची. मी डबीवर पत्र्याचं टोपण बसवलं, तीही गेली.

साळव्यांनी गज ओढला. जमिनीखालून आल्यासारखा तो सूर हॉलभर पसरला. थांबले तर मागे काही नाही. भांडी घासणाऱ्यांतली एक म्हणाली, "आता कसं, गप झालं बया."

"आहे अजून," बाई म्हणाल्या.

"न्हाई बाई, आता काय न्हाई."

"आहे. बारीक आहे, पण आहे."

मी सेट पुन्हा उघडला. व्हॉल्व्ह बदलले. ट्रान्सफॉर्मर खोक्याच्या दुसऱ्या टोकाला नेला. आठ दिवस गेले. रोज त्या यायच्या, बोट उभं करायच्या, आणि म्हणायच्या, "आहे." साळवी कंटाळले. कार्यक्रम जवळ आला आणि त्यांना सराव करायला मिळत नव्हता. मला तर रागच यायला लागला होता. तो कुणावर, हे मात्र कळत नव्हतं.

मग मी एक गोष्ट केली. ती वाईट हेतूने केली नाही, पण चांगल्या हेतूनेही केली नाही. बाई स्पीकरपुढे डोळे मिटून बसल्या होत्या. मी त्यांच्या मागे गेलो आणि भिंतीतला प्लग हळूच उपसला. व्हॉल्व्हचा उजेड मंदावला, विझला. साळव्यांनी ते पाहिलं. मी थोडा वेळ जाऊ दिला.

"आता, बाई?"

"आहे," त्या म्हणाल्या. "उलट आता जास्त स्वच्छ ऐकू येतेय."

मग त्यांनी डोळे उघडले आणि वळून पाहिलं. प्लग माझ्या हातात होता.

"कधी काढलात?"

"मगाशी."

"मी 'आहे' म्हटलं, त्याच्या आधी?"

"व्हय."

त्यांनी उठून सेटवर हात ठेवला. तो अजून कोमट होता. मग डावा कान तळव्याने दाबला, सोडला, पुन्हा दाबला. साळवी हत्तीच्या मागे अर्धे लपल्यासारखे उभे होते.

"म्हणजे तुम्ही ते चार खांब उगाचच चढलात," बाई म्हणाल्या. आणि त्या थोड्या हसल्या. मला हसता आलं नाही.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. जिन्याखालच्या खोलीपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेलो. "बाई, कुनाला कळायचं न्हाई. साळवी बोलणार न्हाईत, मी बोलणार न्हाई," मी म्हणालो. त्या खोलीत गेल्या आणि नेहमी डाव्या कानाला लावायचा हेडफोन त्यांनी उजव्या कानाला लावला. बोर्डावर दोन झडपा पडलेल्या होत्या. "बोला," त्या म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात.

कार्यक्रम चांगला झाला. शेवटच्या रांगेत बसलेल्या माळ्यानेही सांगितलं, की हत्ती पोटात वाजत होता. बाई पहिल्या रांगेत होत्या. गर्दी पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"गेली ना घरघर?"

"गेली बाई."

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं." आवाजाबद्दल दुसऱ्याला विचारताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर पाच-सहा महिने काही घडलं नाही. मग एका दुपारी सात नंबरच्या शेडमध्ये एका कामगाराच्या तोंडावर ॲसिड उडालं. फोन करणारा घाबरून ओरडत होता, तोही फोनपासून लांब उभा राहून. बाईंनी तीनदा विचारलं, "कुठली शेड? पुन्हा सांगा." त्यांना आठ ऐकू आलं. दवाखान्याची गाडी आठ नंबरला गेली, तिथे कुणाला काही माहीत नव्हतं. दुसरा फोन आला तेव्हा चूक कळली. काही मिनिटांचाच उशीर. त्या माणसाचे डोळे वाचले. चौकशीत साहेब म्हणाले, की फोन करणाऱ्याने नीट सांगितलं नाही. बाईंकडे कुणी बोटही दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक्स्चेंजमध्ये गेलो तेव्हा त्या अर्ज लिहीत होत्या.

"काय लिवताय?"

"कान तपासून घ्यावेत, म्हणून."

"बाई, नोकरी जाईल. साहेब सोता म्हनले तुमची चूक न्हाई."

"साहेबांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे." त्यांनी अर्जाची घडी घातली. "त्या माणसाची बायको काल दवाखान्याच्या दाराशी उभी होती. मी तिच्यासमोरून गेले. ती मला ओळखत नाही. ओळखत असती तर मी काय सांगितलं असतं?"

डॉक्टरांनी तपासलं. डावा कान बराचसा गेलेला, उजवाही त्याच वाटेवर. कानाच्या आतला हा आवाज जायचा नाही, सवय करून घ्या, असं सांगितलं. नोकरी गेली नाही. त्यांना लेबल खात्यात पाठवलं. तिथे वीस-पंचवीस बायका बाटल्यांवर कागद चिकटवायच्या आणि दिवसभर गप्पा मारायच्या. बाई त्यांच्यात शांत बसून काम करायच्या. एक्स्चेंजला नवी मुलगी आली. ती चांगली होती. कोण बोलतंय हे मात्र तिला दर वेळी सांगावं लागायचं.

दोनेक वर्षांनी बाईंनी नोकरी सोडली आणि तळेगावला बहिणीच्या आधाराने जाऊन राहिल्या. बहिणीच्या घरात नाही, वेगळी खोली घेऊन. मी एकदा कामानिमित्त तळेगावात गेलो तेव्हा पत्ता विचारत पोचलो. खोली पिठाच्या गिरणीला लागून होती. मधली भिंत एकच. पलीकडे तेलावरचं इंजिन धाडधाड करत होतं आणि इकडे कपाटातल्या कपबश्या थरथरत होत्या. बाई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या.

"बाई, ह्या गोंगाटात कशा राहता?" मी ओरडून विचारलं.

"काय?"

"गोंगाट!"

"हां." त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "शांत असलं की कानातलं ते फार मोठं होतं हो. बहिणीच्या घरी माजघरात नुसतं शांत. मला तिथे झोप येत नव्हती. इथे हे इंजिन त्याला दाबून टाकतं."

आम्ही चहा घेतला. बोलणं फारसं झालंच नाही. साळवी कसे आहेत, एवढं त्यांनी विचारलं. बरे आहेत, असं मी खुणेनेच सांगितलं.

पुढच्या खेपेला मी गेलो ते दीड वर्षाने. खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. गिरणीवाला बाहेर आला. खांद्यावरचा पंचा पिठाने पांढरा झालेला, माझ्याच वयाचा माणूस.

"बाई गेल्या की, पावसाळ्यात," तो म्हणाला. "तापानं."

मी विचारलं, फार त्रास झाला का.

"झोप न्हवती त्यांना. गिरणी चालू असली की डोळा लागायचा. पण पावसाळ्यात दळण कमी. दुपारी कुनी फिरकायचं न्हाई." तो पंच्याने हात पुसत राहिला. "मग शेवटचे बारा-पंधरा दिवस मी दगड वर उचलून ठेवायचो, एकावर एक घासू नयेत म्हनून, आन् इंजिन चालू करायचो. दाणा न्हाई, पीठ न्हाई, नुसता पट्टा फिरायचा. त्यांची बहीण दारातून सांगायची, झोपली, झोपली. मग मी इथंच पोत्यावर बसून ऱ्हायचो."