न धुतलेली गोणी

ईशा, निखिल, तिकडे इटलीत दुकानात साखरेच्या पुड्यावर ‘ग्रेद्झो’ हा इटालियन शब्द दिसला आणि तुम्ही फोनवर मला अर्थ विचारलात. अर्थ सांगितला, त्यामागची गोष्ट राहिली. ती तुम्हाला नेटवर सापडणार नाही, म्हणून लिहिते.

गोवा मुक्त झाल्यानंतर काही वर्षांनी मी डिचोलीत एका खाण कंपनीत करस्पाँडन्स क्लार्क होते. परदेशी पत्रं वाचायची, उत्तरं टाइप करायची. एकदा इटलीच्या गिऱ्हाइकाचं इंग्रजी पत्र आलं. करारापूर्वी लोहखनिजाचं सॅम्पल पाठवा, पण ‘ग्रेद्झो’. तेवढाच शब्द त्यांच्या भाषेत. करार हुकला तर डोंगरावर दगड फोडणाऱ्या बायका घरी बसणार होत्या.

मी डिक्शनरी उघडली. रॉ, क्रूड, रफ, कोर्स, अनकूथ.

“अनकूथ? म्हणजे गावंढळ?” मॅनेजर शेट्येसाहेब भडकले. “मला म्हणतो की काय?”

“नाही सर, खनिजाला. रॉ. डोंगरातून निघेल तसं, मातीसकट. धुणार ते तिकडे. माती किती, ते त्यांना आधी बघायचंय.”

खाणीवर चिठ्ठी गेली. गोणी आली. आतले दगड देवाच्या भांड्यांसारखे लख्ख.

मी ट्रकमध्ये बसून वर गेले. बायकांची मुकादम सावित्रीकाकी, सावंतवाडीकडची.

“काकी, धुतलंत कशाला?”

“मगे? परदेशातल्या पावण्याक चिखल धाडूचो? आमका लाज नाय?”

“त्याला चिखलच हवाय.”

“असो कसो गे तो? घरात बायल नाय वाटता त्याच्या.”

दुसरी गोणी माझ्यासमोर भरायला घेतली. मी जरा वळले, तेवढ्यात दोघीजणी पदराने दगड पुसायला लागल्या. शेवटी फावडं मीच घेतलं. साडी लाल झाली. काकी तोंड फिरवून उभी.

“माजा नाव सांगू नको हां त्याका,” ती म्हणाली.

सॅम्पल वास्कोहून बोटीने गेलं. दीड महिन्याने उत्तर आलं: माती अंदाजापेक्षा कमी, करार मंजूर. मी पुन्हा वर जाऊन बायकांना सांगितलं. काम राहिलं म्हणून सगळ्या हसल्या. काकी सोडून.

“बघ,” ती म्हणाली, “दगड धुतलेले असते तर तितकी पण माती दिसली नसती.”

सॅम्पल मालासारखं असावं, पाहुण्याला वाढलेल्या ताटासारखं नाही, हे मी त्या नोकरीत शिकले. काकी शिकली नाही.

खाण आता बंद आहे. त्या डोंगराचा पश्चिमेकडचा उतार तेवढा शिल्लक आहे, बाकी सगळा बोटींनी गेला.