वहिनींचे काउंटरवरचे तास

जपानमधल्या आमच्या निशी-कसाई वस्तीतल्या एकाही मराठी माणसानं माझ्या चुलतवहिनींच्या परवानगीशिवाय गोळी गिळली असेल, यावर माझा विश्वास नाही. जपानला येण्याआधी त्यांनी पुण्यातल्या एका मेडिकलमध्ये अकरा वर्षं फार्मासिस्ट म्हणून काढली होती, आणि ते काउंटर त्यांच्यापासून कधी सुटलंच नाही. हळदीकुंकवाला गेल्या तरी आधी फ्रिजवरच्या औषधांच्या पट्ट्या उलटसुलट करून बघायच्या, वाण नंतर. माणसं त्यांना नावानं आठवतच नसत. "ते तिसऱ्या मजल्यावरचे अर्धी-सकाळी-अर्धी-रात्री भेटले होते," असं म्हणायच्या. इमारतीतल्या एका आजींना हाडांची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती आणि वार काही लक्षात राहीना. वहिनींनी तोडगा काढला, "आजी, आठवड्यातून ज्या वारी प्लास्टिकचा कचरा खाली न्यायचा ना, त्या दिवशी उठल्याउठल्या गोळी." आणि वर नेहमीचं वाक्य, "आता मला सांगा, मी काय सांगितलं?" परत म्हणून दाखवल्याशिवाय सुटका नसे. आजी म्हणाल्या, "गोळी खाली न्यायची." झालं, पुन्हा पहिल्यापासून!

त्यांना मधुमेहाच्या औषधांमधली एका परदेशी बोर्डाची परीक्षा द्यायची होती. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, दिवसभर ऑफिसात, मुलगी जपानीत उत्तरं देणारी. "घरात परदेशी काय ती मी एकटीच," असं हसून म्हणायच्या. "दुकानातल्या फार्मासिस्टला बसू देतात का, तेवढं नेटवर बघा ना भाऊजी."

मी बघितलं. देत होते. फक्त, काउंटरवर मधुमेहाच्या रुग्णांना समजावण्यात किती तास गेले, याबद्दल सोबत काम केलेल्या फार्मासिस्टच्या सहीचं पत्र हवं होतं. दुकानाचे मालक वारले होते. उरलो मी. बी. फार्म. झाल्यावर दोन वर्षं मी त्याच काउंटरवर त्यांच्या शेजारी उभा होतो.

आणि नेमकी तीच दोन वर्षं माझ्या बायोडेटात सॉफ्टवेअरची म्हणून लिहिलेली होती. तेव्हा पुष्कळांनी तसं केलं. नोकरी आणि व्हिसा मला त्यावरच मिळाला होता. ते पत्र फिरत फिरत आमच्या ऑफिसात पोचेल, या भीतीनं मी सांगून टाकलं, "वहिनी, दुकानातल्यांना नाही बसता येत."

"बरं," म्हणाल्या. परत म्हणून दाखवलं नाही. पुढच्या आठवड्यात अभ्यासाची पुस्तकं दोरीनं बांधली आणि जुन्या कागदांच्या कचऱ्याच्या दिवशी खाली नेऊन ठेवली. एक गठ्ठा मीच उचलून दिला.

दादा-वहिनींना पुण्याला परतून पुष्कळ वर्षं झाली. गेल्या महिन्यात मलाच मधुमेह निघाला, तेव्हा फोन करून सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "तुमचा बायोडेटा ह्यांनी आमच्याच स्वयंपाकघरात बसून टाइप केला होता."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांनी उलट विचारलं, "साखरेची गोळी कधी घेता?"

मी सांगितलं.

"जेवणाबरोबर घ्या. उपाशीपोटी नको."

मी फोन कानाला धरून त्यांच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत राहिलो. ते आलं नाही. मग मी आपणहूनच म्हणून दाखवलं, "जेवणाबरोबर. उपाशीपोटी नाही."

"हं," वहिनी म्हणाल्या.