झोपू द्या

रिसोडच्या त्या बाळदवाखान्याच्या पाटीवर नाव डॉक्टरांचं होतं, पण कोणतं लेकरू आधी आत जाणार हे भागिरथा मावशी ठरवायची. अठरा वर्षांपूर्वी ती तिथे फरशी पुसायला लागली. आता ती वजन करायची, ताप बघायची आणि बाकांवरच्या गर्दीवर एकदा नजर फिरवून बोट दाखवायची, "ते निळ्या टोपीचं पयले आना." मग ज्याचं पोर तासभर टाहो फोडत असे तो बाप खवळायचा. मावशी त्याला भीक घालत नसे.

"रडून राह्यलं ना तुमचं? मंग बसा निवांत. मुकाट असतं तं मीच उचलून नेलं असतं."

तिचं वैद्यकशास्त्र एवढंच होतं, आणि सहसा ते चुकत नसे. गप्प पडलेल्या लेकराच्या तळव्याला ती टिचकी मारायची. भोकाड पसरलं तर ठीक. नुसतं तोंड वाकडं केलं की थेट आत. आजीबाईंनी मनगटाला, कमरेला कितीही दोरे बांधलेले असोत, तळवा बिचारा मोकळाच असायचा.

चुकली ती एकदाच, आणि तेव्हा लेकरू तिच्या डोळ्यांपुढे नव्हतं. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी, दवाखाना जेवणासाठी बंद असताना, रिठदहून निकिताचा फोन आला. तिच्या दहा महिन्यांच्या पिंकीला सकाळपासून जुलाब-उलट्या होत होत्या. "लय रडली वो मावशी, आता कुठी झोपली. आनू का?" मावशीच्या पुढ्यात डबा उघडा होता. "झोपली ना? मंग झोपू द्या. चारले आना."

चारला पिंकी आली तेव्हा डोळे खोल गेले होते आणि टिचकीला तिने तोंडही वाकडं केलं नाही. डॉक्टरांना शीर सापडेना. अकोल्याला न्यायला गाडी निघाली, ती शिरपूर मागे पडायच्या आतच परत फिरली. "उशीर झाला," डॉक्टर म्हणाले, आणि घरच्यांनी मान हलवली. दुपारच्या फोनबद्दल कुणी विचारलं नाही. मावशीनेही सांगितलं नाही.

तेव्हापासून तिला काही वाटेनासं झालं. दुःख झालं असतं तर बरं, ते कधीतरी ओसरतं तरी. ती कामाला येत होती, टिचक्या मारत होती, घरी भाकरी खात होती, पण मिठाची की अळणी हे तिला सांगता आलं नसतं. धाकट्या लेकीच्या लग्नात पाठवणीला सगळ्या बाया रडल्या. मावशी अक्षता झाडत उभी राहिली. बाया म्हणाल्या, लय घट्ट काळजाची आहे. डोंबलाचं घट्ट काळीज! ती आतून बधिर झाली होती, एवढंच.

या श्रावणात निकिता पुन्हा यायला लागली. कडेवर चार महिन्यांचा अश्वजित. दिवसभर किरकिर, महिनाभरात वजन जागचं हललेलं नाही. छाती साफ, रक्त-लघवी साफ, दूध अंगावरचं आणि भरपूर. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं. तिसऱ्या खेपेला त्यांनी कागद पुढे ओढला. "अकोल्याला पाठवू. मोठ्या तपासण्या कराव्या लागतील."

अकोला म्हटल्यावर निकिताचं तोंड पांढरं पडलं.

चिठ्ठीवर लिहायला वजन हवं म्हणून मावशीने पोराला काट्यावर ठेवलं. ठेवताच त्याचे डोळे मिटले. निकिताने हात पुढे केला आणि तळव्याला टिचकी मारली. पोर दचकून रडलं. थोड्या वेळाने पुन्हा पेंगलं. पुन्हा टिचकी.

"काहून मारून राह्यली वो?"

"झोपून राह्यला ना."

मावशीच्या ओठांवर तेच दोन शब्द आले होते. ते तिथेच थिजले.

"तुमी तवा म्हनलं व्हतं, झोपू द्या," निकिता म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "तवापासून झोपलेलं लेकरू मले पाह्यवत नाही. मी आन सासू पाळीपाळीनं उठवतो याले."

मावशीने पोराला उचललं आणि ती डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"याले आजार नाही, साहेब. याले चार महिने कोनी झोपूच देल्लं नाही." मग तिने फोनचं सांगितलं. उघडा डबा, चार वाजता आणा, सगळं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"दोन वर्षं बोलला नाहीत?"

"हिंमत झाली नाही, साहेब."

त्यांनी अकोल्याची चिठ्ठी फाडली आणि मागच्या खाटेकडे हात केला.

खाटेवर मावशीने निकिताला सगळं दाखवलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर जाते. टाळू खोल गेलेली नाही. मिटल्या ओठांना बोट लावलं की झोपेतही चोखायला बघतो. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती पूर्ण मिनिटभर श्वास मोजत राहिली, मोठ्याने. अडतीस.

"हे झोपनं आहे, बाई. याले झोपू दे."

निकिताचं बोट तळव्यापाशीच होतं. "मंग पिंकी झोपली नव्हती?"

बाहेर कुणीतरी मावशीच्या नावाने शंख करत होतं. ती उठली नाही.

"नाही. ती झोपली नव्हती. तू आईच्या मनानं झोपली म्हनलं. उठवून पाह्य, हे सांगाचं काम माहं व्हतं. म्या जेवत व्हती."

निकिताने हळूच बोट मागे घेतलं, भिंतीला डोकं टेकवलं आणि बसल्या जागी तिचाही डोळा लागला. दोन तास मायलेक हलले नाहीत.

मावशी श्वास मोजत होती. आधी पोराचे, मग आईचे, मग पुन्हा पोराचे. मोजताना एकदा आकडा चुकला, कारण घड्याळ नीट दिसेना. डोळ्यांत काही गेलं असेल म्हणून तिने पदराने पुसलं, तरी दिसेना.